मिनिटाला साठ शब्द

प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाचता येते की नाही, हे पाहण्यासाठी आज दोन मोजपट्ट्या सर्रास वापरल्या जातात. पहिली 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणातून आली. हे सर्वेक्षण २००५ साली सुरू झाले आणि त्यातली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही चार पायऱ्यांची शिडी आता बहुतेक शिक्षकांना तोंडपाठ आहे. दुसरी मोजपट्टी २०२१ सालच्या 'निपुण भारत' अभियानाची. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द, अर्थ समजून, वाचावेत असे तिचे म्हणणे.

या मोजपट्ट्यांचे ऋण आधी मान्य करू. मुले शाळेत दाखल झाली, यापलीकडे फारसे कोणी पाहत नव्हते, तेव्हा 'असर'ने त्यांना वाचता येते का, असे विचारले. २०२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. मागे पडलेल्या मुलांकडे वेगळे लक्ष दिले तर फरक पडतो, हेही दिसले आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे अशा मुलांना स्थानिक तरुणींनी रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवले आणि मुलांचे गुण वाढले. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. सर्वेक्षणासाठी बनवलेली शिडी वर्गात आली की तिचेच गट होतात. हा 'अक्षर गट', तो 'शब्द गट'. मूल कुठवर पोचले, एवढेच शिडी सांगते. ते तिथे का थांबले, हे ती सांगत नाही. त्यासाठी ती बनवलेलीच नव्हती.

तीन ठिकाणची तीन मुले डोळ्यांसमोर आणू. तिघेही तिसरीत, तिघेही 'शब्द' पायरीवर.

पहिला मुलगा मेळघाटातला, घरी कोरकू बोलणारा. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, संथाली-मुंडारीची नातलग. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. हा मुलगा 'करतो' हा शब्द 'क-र-तो' असा तीन सुटी अक्षरे जोडल्यासारखा वाचतो आणि गुरुजी त्याला 'अडखळतो' म्हणून नोंदवतात. आता नीट पाहा. आपण 'करतो' लिहितो तेव्हा 'र' पूर्ण लिहितो, पण बोलताना त्यातला 'अ' गाळतो. 'कमळ' मध्ये शेवटचा 'अ' गळतो. कुठे गाळायचा, हे लिपी सांगत नाही. मराठी घरातल्या मुलाच्या कानाला तो शब्द आधीच ठाऊक असतो, म्हणून ते नकळत दुरुस्ती करते. ज्याने तो शब्द कधी ऐकलाच नाही, त्याने कशाच्या आधारे दुरुस्त करावे? लिपीत जे आहे ते त्याने चोख वाचले आहे.

'हे जग मोठे आहे' आणि 'शंभर वर्षे जग' ही वाक्ये मोठ्याने वाचून पाहा. दोन्हींत 'जग' सारखाच लिहिला जातो, पण 'ज'चा उच्चार वेगळा होतो. तो वाक्याच्या अर्थावरून ठरतो. आधी उच्चार, मग अर्थ, हा आपल्या पाठ्यक्रमांचा लाडका क्रम मराठीत इथेच मोडतो.

दुसरी मुलगी बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांच्याबरोबर तीही जाते आणि दिवाळीनंतरचे कित्येक महिने तिची शाळा बुडते. मराठी तिची पक्की आहे; कमी पडतो तो अक्षरांसोबतचा वेळ. आणि तो वेळ थोडाथोडका लागत नाही. चौतीस व्यंजनांची बाराखडी केली तरी चारशेहून अधिक रूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या कन्नडवरील अभ्यासात अक्षरांवर पूर्ण पकड यायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो असे आढळले.

तिसरा मुलगा रोज शाळेत येतो, घरी मराठीच बोलतो, गोष्ट तर अशी सांगतो की वर्ग ऐकत राहावा. तरीही दोन वर्षांच्या नियमित शिकवणीनंतर त्याची अक्षरे घोटाळतात. कदाचित ही डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-अक्षमता असेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि २०१५ साली आलेली 'डाली' ही तपासणी-साधने मराठीतही उपलब्ध आहेत.

या तिघांना एका गटात बसवून तीच शब्दपत्रे दिली, तर मुख्यतः ऊसतोड कामगारांच्या मुलीचे काम होईल. पहिल्याला अर्थासह शब्द हवेत, तिसऱ्याला वेगळी पद्धत हवी.

शब्दांच्या वेगाविषयीही थोडे बोलले पाहिजे. 'आईच्या घरासमोरच्या झाडावर' हे मराठीत तीन शब्द. हिंदीत हेच 'माँ के घर के सामने वाले पेड़ पर' असे आठ शब्दांत लिहितात, कारण हिंदी आपले प्रत्यय नामापासून सुटे ठेवते. मग दोन्ही भाषांना साठच शब्द कसे? २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन अभ्यासात भाषागणिक वेगळे निकष ठरवले गेले, हे योग्यच झाले. पण शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्याला ते कोणी सांगायचे? तिथे साठ हा आकडा एकदा रंगवला की रंगवला.

कारण शोधायला फार मोठी साधने लागत नाहीत. गफ आणि टनमर यांनी १९८६ साली एक साधे सूत्र मांडले: वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडणे गुणिले भाषा समजणे. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. याचा वर्गातला उपयोग असा. मुलाला चार-पाच ओळी वाचू द्या, पुस्तक मिटा आणि काय वाचले ते त्याच्या भाषेत सांगायला सांगा. मग तितक्याच अवघड दुसऱ्या चार ओळी तुम्ही वाचून दाखवा आणि तेच विचारा. ऐकून समजते पण वाचून समजत नाही, तर अडचण अक्षरांत आहे. ऐकूनही समजत नाही, तर ती भाषेत आहे, आणि अक्षरांचा सराव वाढवून काही साधणार नाही.

पन्नास मुलांच्या वर्गात हे एका दिवसात होणार नाही, रोज तीन-चार मुले घेतली तर तीनेक आठवड्यांत होते. मुलाची भाषा आपल्याला येत नसेल, तर सातवीतला त्याच्याच पाड्यावरचा एखादा विद्यार्थी शेजारी बसवावा. ऐकून सगळे समजणारे मूल काही महिन्यांच्या नियमित सरावानंतरही अक्षरांत अडकत असेल, तर आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत, आणि ते ठीक निघाले तर वाचन-अक्षमतेच्या तपासणीसाठी पाठवावे.