हायड्रोजन बंध : यादी की पुरावा?

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शन मोल्डिंगचे एखादे शॉप पाहिले, तर यंत्रावरचा कामगार नायलॉनचे दाणे थेट साच्याकडे पाठवत नाही असे दिसते. तो ते आधी सुकवतो. साधारण ८० अंश सेल्सिअसला काही तास दाणे ड्रायरमध्ये राहतात आणि मगच वितळायला जातात. ही काळजी घेतली नाही तर तयार भागावर चंदेरी चट्टे उमटतात. शिवाय वितळलेल्या नायलॉनमध्ये पाणी राहिले, तर ते लांब साखळ्या तोडते आणि भाग ठिसूळ होतो. पॉलिथीनच्या दाण्यांसाठी सहसा एवढा खटाटोप करावा लागत नाही. हवेतले पाणी नायलॉनला धरते आणि पॉलिथीनला धरत नाही, असे का?

याचे उत्तर हायड्रोजन बंधात आहे. त्या कामगाराची मुलगी अकरावीत विज्ञान शाखेला असेल, तर तिच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हायड्रोजन बंधावर एक छोटा विभागही आहे. तो वाचून तिला बापाच्या ड्रायरचे कारण सांगता येईल का? या कसोटीवर आम्ही तो विभाग पुन्हा वाचला. परीक्षणासाठी एनसीईआरटीचे अकरावीचे पुस्तक घेतले आहे, कारण नीट आणि जेईईची तयारी करणारी राज्य मंडळाची मुलेही तेच हाताशी ठेवतात.

प्रथम श्रेय देऊ. विभाग आटोपशीर आहे. हायड्रोजनला चिकटलेला अणू इलेक्ट्रॉनांची जोडी आपल्याकडे ओढतो, त्यामुळे हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार येतो आणि शेजारच्या रेणूतील ऋण अणूकडे तो खेचला जातो, ही मांडणी स्वच्छ आहे. दोन रेणूंमधला बंध आणि एकाच रेणूच्या आतला बंध असे दोन प्रकार सांगितले आहेत आणि दुसऱ्यासाठी ऑर्थो-नायट्रोफिनॉलचे उदाहरण दिले आहे. या सगळ्याबद्दल तक्रार नाही. तक्रारी तीन आहेत.

पहिली तक्रार व्याख्येची. पुस्तकाच्या व्याख्येत हायड्रोजन बंध फ्लोरिन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या तीन नावांशी बांधलेला आहे. एकदा यादी आली की विद्यार्थी कारण विसरतो आणि यादी लक्षात ठेवतो. गंधक यादीत नाही, म्हणून हायड्रोजन सल्फाइडमध्ये हायड्रोजन बंध नाही. म्हणूनच पाणी १०० अंशांना उकळते आणि हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना. हे उत्तर आपण सगळ्यांनी लिहिले आहे आणि तपासलेही आहे.

यादीमागे इतिहास आहे. लॅटिमर आणि रोडबुश यांनी १९२० साली पाण्यासारख्या द्रवांसाठी ही कल्पना मांडली आणि पुढे पॉलिंग यांच्या १९३९ च्या ग्रंथाने ती सर्वांपर्यंत नेली. बर्फात प्रत्येक रेणूभोवती चारच शेजारी असतात, तर घन हायड्रोजन सल्फाइडमध्ये बारा. चार शेजारी म्हणजे दिशा असलेले बंध. बारा शेजारी म्हणजे गोळे रचावेत तशी रचना. त्या काळच्या पुराव्यावर गंधकाला बाहेर ठेवणे रास्तच होते.

पण घन पदार्थात कोट्यवधी शेजाऱ्यांची गर्दी असते. एका रेणूचे दुसऱ्याशी काय नाते आहे हे पाहायचे, तर त्या दोघांना गर्दीतून बाजूला काढायला हवे. लहान रेणुसंकुलांचा अभ्यास नेमके हेच करतो. हेलियम किंवा आरगॉन वायूत थोडी वाफ मिसळायची आणि दाबाखालचे ते मिश्रण बारीक छिद्रातून निर्वात पेटीत सोडायचे. झोत पसरताना इतका थंड होतो की रेणूंचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर काही अंशांवर येते. एरवी धक्काबुक्कीत तुटून जाणारी जोडी अशा थंडीत टिकते. मग सूक्ष्मतरंगांनी तिचे फिरणे मोजायचे किंवा लेझर व अवरक्त किरणांनी तिची कंपने तपासायची.

पाण्याच्या दोन रेणूंची जोडी या मार्गाने १९७० च्या दशकात अमेरिकेत डाइक आणि म्यून्टर यांनी मोजली. दोन ऑक्सिजनमधले अंतर सुमारे २.९८ अँगस्ट्रॉम भरले आणि मधला हायड्रोजन जवळजवळ सरळ रेषेत निघाला. ही जोडी तोडायला मोलमागे सुमारे १३.२ किलोज्यूल लागतात, हेही पुढे अचूक मोजले गेले. पाण्यातला साधा सहसंयुज बंध तोडायला याच्या पस्तीसपट किंवा त्याहून जास्त ऊर्जा लागते. हायड्रोजन बंध ‘दुर्बळ’ आहे म्हणजे किती, ते या आकड्यांवरून कळते.

गंधकाची फेरतपासणीही याच साधनांनी झाली आणि तीही आपल्या जवळ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संजय वाटेगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पॅरा-क्रेसॉलची दोन संकुले शेजारी शेजारी ठेवून तपासली, एक पाण्याबरोबरचे आणि दुसरे हायड्रोजन सल्फाइडबरोबरचे. क्रेसॉलचा हायड्रोजन गंधकाशीही बंध करतो असे आढळले. तो ऑक्सिजनशी होणाऱ्या बंधाहून अशक्त आहे आणि त्यात प्रभारांच्या आकर्षणापेक्षा लंडन बलांचा वाटा मोठा आहे, पण बंध आहे. हा प्रश्न प्रथिनांशीही जोडलेला आहे. टायरोसिन या अमिनो आम्लाची बाजूची शाखा क्रेसॉलसारखीच असते, आणि मिथिओनिन व सिस्टीन यांच्यात गंधक असतो. पुढे २०१८ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन यांच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांसह सूक्ष्मतरंग वर्णपटावरून दाखवले की, थंड झोतातली हायड्रोजन सल्फाइडची जोडीही पाण्याच्या जोडीसारखीच हायड्रोजन बंधाने बांधलेली असते.

मग उत्कलनबिंदूंचे जुने उत्तर चुकले का? पूर्ण नाही. हायड्रोजन सल्फाइडमधला बंध इतका दुबळा आहे की नेहमीच्या तापमानाला रेणूंची धावपळ त्याला टिकू देत नाही. म्हणजे ‘बंध नाही’ याऐवजी ‘बंध आहे, पण या तापमानाला पुरत नाही’ असे म्हणायला हवे. पहिले वाक्य पाठ करता येते. दुसरे समजायला ऊर्जा आणि तापमान यांची तुलना करावी लागते, आणि रसायनशास्त्र तिथेच सुरू होते.

दुसरी तक्रार एका विधानाची. हायड्रोजन बंधाचे प्रमाण घन अवस्थेत सर्वाधिक आणि वायू अवस्थेत सर्वांत कमी असते, असे पुस्तक सांगते. हे विधान दोन गोष्टी एकत्र करते : बंध किती आहेत आणि प्रत्येक बंध किती बळकट आहे. साध्या वाफेत रेणू दूर असतात म्हणून बंध थोडे, हे खरे. पण विद्यार्थी यातून ‘वायूत हायड्रोजन बंध नसतोच’ असा अर्थ काढतो. आणि एकेका बंधाची सर्वांत नेमकी मोजमापे तर वायूच्या झोतातच झाली आहेत!

त्या विधानात एक सुंदर सत्य लपलेले आहे, ते मात्र पुस्तकाने सांगितलेले नाही. पाण्याच्या जोडीत दोन ऑक्सिजनमधले अंतर २.९८ अँगस्ट्रॉम असते, बर्फात ते सुमारे २.७६ होते. म्हणजे गर्दीत एकेक बंधही घट्ट होतो. एका रेणूने आपला हायड्रोजन शेजाऱ्याला दिला की त्याच्या ऑक्सिजनवरचा ऋण प्रभार थोडा वाढतो आणि तो स्वतः तिसऱ्याचा हायड्रोजन अधिक चांगला धरतो. जोडी, त्रिकूट, चौकडी असे एकेक रेणू वाढवत गेले की ही सहकारी वृत्ती पायरीपायरीने दिसते. हे दोन आकडे शेजारी छापले असते तरी विधानाला अर्थ आला असता.

तिसरी तक्रार जे छापलेले होते आणि गेले त्याची. याच पुस्तकात ‘द्रव्याच्या अवस्था’ हे प्रकरण होते. त्यात आंतररेणवीय बलांच्या ओघात हायड्रोजन बंधाची ऊर्जा मोलमागे १० ते १०० किलोज्यूल अशी दिली होती, आणि क्लोरीनही अशा बंधात भाग घेऊ शकतो अशी पुस्तीही होती. म्हणजे यादीचे दार किंचित किलकिले होते. २०२२ च्या अभ्यासक्रम-कपातीत हे प्रकरण गेले. उरली ती पहिली, कडक व्याख्या. मुलांवरचा भार कमी करायला आमची हरकत नाही. पण भार कमी करताना आकडे आणि अपवाद गेले, आणि यादी राहिली. पाठांतराचा भार होता तेवढाच आहे, विचाराचा मात्र हलका झाला.

ही खंत अधिकच वाटते, कारण शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आययूपॅकने, २०११ साली हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या स्वीकारली आणि ती करणाऱ्या गटाचे अध्यक्ष वर उल्लेखलेले अरुणन हेच होते. त्या व्याख्येत यादी नाही. हायड्रोजन ज्याला जोडलेला आहे तो अणू हायड्रोजनहून अधिक विद्युतऋण हवा, एवढी अट आहे. आणि मुख्य म्हणजे बंध झाल्याचा पुरावा हवा. पुरावा कसा ओळखावा तेही सांगितले आहे : हायड्रोजनचा मूळ बंध सहसा लांबतो आणि त्याच्या कंपनाची वारंवारता उतरते, तिन्ही अणू सरळ रेषेकडे झुकतात, आणि इतरही खुणा. भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली घडलेली ही व्याख्या भारतीय पाठ्यपुस्तकात यायला एवढा वेळ का लागावा?

इथे एक प्रामाणिक अडचण सांगितली पाहिजे. चिंचवडला शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही हे सारे मांडले, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाई उभ्या राहिल्या. “सर, तुमचं पटतं. पण मुलाने पेपरात गंधक लिहिलं आणि गुण गेला, तर पालकांना उत्तर मी द्यायचं की तुम्ही?” त्यांना आमच्याकडे चोख उत्तर नव्हते. आजही नाही. परीक्षेपुरती यादी लिहायला सांगा, एवढेच आम्ही म्हणू शकलो; पण ती यादी ‘१९३९ च्या सुमाराचे मत’ म्हणून शिकवा, निसर्गाचा कायदा म्हणून नको. शास्त्रातल्या व्याख्यांनाही साल असते, हे कळणे एका गुणाहून मोलाचे आहे.

आता पुन्हा नायलॉनकडे. नायलॉनच्या साखळीत ठरावीक अंतरावर अमाइड गट असतात. एका साखळीतील नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या साखळीतील ऑक्सिजनला धरतो. म्हणून नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना वितळते, तर असे गट नसलेले घट्ट जातीचे पॉलिथीन १३० च्या आसपास. पाण्याचा रेणू याच गटांपाशी शिरतो आणि स्वतः बंध जोडतो. अमाइड गटाचा सर्वांत छोटा नमुना म्हणजे फॉर्मामाइड. फॉर्मामाइड आणि पाणी यांच्या संकुलाचा सूक्ष्मतरंग वर्णपट १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाण्याचा रेणू एका हाताने ऑक्सिजनला हायड्रोजन देतो आणि दुसरीकडे नायट्रोजनवरचा हायड्रोजन स्वीकारतो, असे छोटे कडे दिसते. भोसरीच्या ड्रायरमध्ये दाण्यांमधून हाकलले जाते ते असेच धरून बसलेले पाणी.

हे वर्गात करून पाहता येते. नायलॉनचे केबल टाय विजेच्या दुकानात मिळतात. सुमारे शंभर ग्रॅम टाय प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये ८० अंशांना रात्रभर ठेवून तोला. नंतर आठवडाभर पाण्यात बुडवा आणि रोज पुसून वजन करा. सोबत पॉलिथीनच्या पट्ट्याही ठेवा. नायलॉन काही ग्रॅमांनी वाढेल, पॉलिथीन जवळजवळ तेवढेच राहील. कोरडा टाय आणि भिजलेला टाय वाकवूनही पाहा, फरक बोटांना कळेल.

मग वर्गाला विचारा : वजन वाढले, म्हणजे हायड्रोजन बंध सिद्ध झाला का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. उत्तर ‘नाही’ आहे. पाणी आत गेले एवढेच सिद्ध झाले. बंधाचा पुरावा अवरक्त वर्णपटात आहे. मोकळ्या अमाइडमधले नायट्रोजन-हायड्रोजनचे कंपन दर सेंटिमीटरला ३४५० च्या आसपास असते, नायलॉनमध्ये ते ३३०० च्या आसपास उतरलेले दिसते. जवळच्या पदवी महाविद्यालयात अवरक्त वर्णपटमापी असेल, तर नायलॉनच्या पातळ पापुद्र्याचा आलेख मागून घ्या आणि फळ्याशेजारी लावा.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत काय हवे, याची आमची मागणी मोठी नाही. यादीच्या जागी २०११ च्या व्याख्येचा सोपा मराठी सारांश, पाण्याच्या जोडीचे दोन आकडे, आणि पुराव्याचा एक आलेख. अर्धे पान पुरेल. तोवर ते अर्धे पान शिक्षकांनाच फळ्यावर लिहावे लागणार आहे.