तान्हे बाळ आणि नाकातली लस
थोरल्याच्या नाकात फ्लूची लस फवारली, तर घरातल्या तान्ह्याला त्यापासून फ्लू होईल का? पालकसभेत हा प्रश्न येतो, आणि लस जिवंत विषाणूची असल्याने तो रास्तही आहे. उत्तरादाखल बहुधा फिनलंडच्या पाळणाघरांतील, २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पुढे केला जातो. ९ ते ३६ महिन्यांची १९७ मुले. ९८ जणांना लस, उरलेल्यांना लसविरहित फवारा. लस घेतलेल्यांपैकी ८० टक्के मुलांच्या नाकात लशीचा विषाणू सापडला. तो दुसऱ्या गटात पोचल्याचे सिद्ध झाले एकाच मुलाबाबत, आणि त्याचा आजारही सौम्यच होता. हा दुबळा केलेला विषाणू नाकातल्या गारव्यात वाढतो, फुप्फुसांतल्या उबेत नाही.

प्रयोग चोख आहे. पण त्यात सहा महिन्यांखालचे एकही बाळ नव्हते, आणि ‘संसर्गाचा संभव ०.५८ टक्के’ हा आकडा त्या एकट्या मुलावर उभा आहे. हे सांगायचे राहून जाते, ही आमची तक्रार.

म्हणून लस टाळा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फ्लूची कोणतीच लस देता येत नाही, आणि खरा फ्लू घरात येतो तो पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या थोरल्याबरोबरच. शंका जातच नसेल, तर टोचायची लस आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो.