कानांनीं वाचलेलीं पुस्तकें

वाचन हा डोळ्यांचा व्यवहार, आणि ऐकणें ही ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांची सोय, अशी आमची आजवर समजूत होती. इंग्रजी शिक्षणानें ती दृढ केली, आणि पुढें महाविद्यालयांतील अध्यापनानें तिला प्रतिष्ठा दिली. गेल्या पावसाळ्यांत आमच्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. कांहीं दिवस डोळ्यांना ताण देऊं नका, असें डॉक्टरांनीं बजावलें. तेव्हां आमच्या मुलीनें मोबाइलवर 'श्यामची आई'चें ऑडिओबुक लावून तो उशाशीं ठेवला. आम्हीं नाइलाजानें कान दिला. नाइलाज संपला, परंतु ऐकणें संपलें नाहीं. तेव्हां या प्रकाराचे गुणदोष वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा प्रकार दिसतो तितका नवा नाहीं. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला, आणि त्याचे उपयोग सांगतांना अंधांसाठीं बोलक्या पुस्तकांचाहि उल्लेख केला. इंग्लंडांत १९३५ सालीं पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं व इतर अंधांसाठीं अशीं पुस्तकें तबकड्यांवर निघूं लागलीं. त्या वेळीं एका कादंबरीस तबकड्यांची चळत लागे. आज सगळें कपाट खिशांत मावतें. स्टोरीटेल ही स्वीडनची संस्था २०१७ सालीं भारतांत आली, तेव्हां इंग्रजी व हिंदीबरोबर मराठी पुस्तकांनाहि तिनें स्थान दिलें.

परंतु सोय म्हणजे रस नव्हे. ऐकल्यानें पुस्तकाविषयीं कांहीं नवें कळतें काय, हा खरा प्रश्न आहे. आमचा अनुभव असा कीं, कळतें. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. तींतील भावविवशतेवर व पुनरुक्तीवर आम्हीं वर्गांत अनेकदां टीका केली आहे. श्याम आश्रमांतील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो, हें आम्हांस ठाऊक होतें; पण ती केवळ एक मांडणी आहे, असें आम्ही समजत होतों. अंधारांत पडून ऐकूं लागलों, तेव्हां ज्यांस आम्ही पुनरुक्ति म्हणत होतों, ते सांगणाराचे विसावे आहेत, असें ध्यानांत आलें. तें पुस्तक श्रोत्यांसाठींच रचलेलें आहे. आमची टीका सर्वस्वीं चुकली असें नव्हे. पण ती अर्धी होती.

उलट, टिळकांचा 'गीतारहस्य' हाहि तुरुंगांतच, मंडालेस, लिहिला गेला व १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील 'कर्मजिज्ञासा' हें प्रकरण आम्हीं मुलीकडून मोठ्यानें वाचून घेतलें. चार पानांतच सूत्र हातचें सुटलें. तेथें पूर्वपक्ष, अवतरणें आणि उत्तरपक्ष यांची साखळी आहे; डोळा मागें फिरून दुवा जुळवितो, कानास तें साधत नाहीं. हा दोष ग्रंथाचा नव्हे, आणि कानाचाहि नव्हे. कांहीं ग्रंथ सांगितलेले असतात, कांहीं बांधलेले असतात. बांधलेला ग्रंथ हातीं घेऊनच वाचावा.

आणखी एक गोष्ट. वाचून दाखविणाराचा आवाज म्हणजे त्या ग्रंथावरील भाष्यच होय. कोठें थांबावें आणि कोठें स्वर उतरवावा, हें त्यानें ठरविलेलें असतें, आणि श्रोत्याला तें मुकाट्यानें मान्य करावें लागतें. म्हणून या वाचनाचीहि समीक्षा झाली पाहिजे. प्रत्येक पात्राची नक्कल करणें आणि करुण प्रसंगीं मागें वाद्यें वाजविणें, हे दोन दोष आमच्या कानांस वारंवार खटकले. लेखकानें जें वाक्यांत साधलें आहे, त्यावर हा अविश्वासच नव्हे काय? तसेंच, माडगूळकरांची 'बनगरवाडी' कोणी पुणेरी वळणानें वाचूं लागला, तर ती माणदेशांतून उठून पेठेंत येऊन बसेल.

ऐकण्यानें मन आळसावतें, असा आक्षेप आमचे कांहीं सहाध्यापक घेतात. परवांपर्यंत आम्हीहि घेत होतों. परंतु या निमित्तानें आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. चातुर्मासांत ती आमच्याकडून 'पांडवप्रताप' वाचून घेई. तिला अक्षरओळख नव्हती. खेळावयास पळण्याच्या घाईनें आम्हीं दोन ओव्या गाळल्या, कीं वाती वळणारा तिचा हात थांबे. "मागें जा," एवढेंच ती म्हणे. पुढें पदवी हातीं आल्यावर तिच्या त्या ऐकण्यास आम्ही भक्ति म्हणूं लागलों. वाचन म्हणण्याचें औदार्य आम्हांस झालें नाहीं. ग्रंथ मात्र तिला आमच्याहून अधिक ठाऊक होता.

ज्या घरांत वडील माणसांचे डोळे थकले आहेत, त्या घरांत हीं पुस्तकें अवश्य यावींत. तीं एकेकट्यानें कानांत बोंडें घालून ऐकण्यापेक्षां, जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं मिळून ऐकावींत, असें आम्ही सुचवूं. मध्येंच कोणी "मागें जा" म्हणालें, तर त्याचा राग मानूं नये.