लगाम ताणला की

नगर हे आर्मर्ड कोअरचं गाव. घोडदळाच्या जागी रणगाडे कधीच आले. आता घोडा दिसतो तो वरातीत, डीजेपुढे. म्हणून असेल, पण ‘द रायडर’ (2017) मधला घोडा शिकवण्याचा प्रसंग मी मोबाइलवर तीनदा मागे नेऊन पाहिला. दिग्दर्शिका क्लोई झाओनं ब्रेडी जँड्रोला इथे अभिनय करायला लावलेला नाही. तो खरंच घोडे शिकवतो, तेच पडद्यावर करतो. आधी जमिनीवर उभा राहून. घोडा बिचकला की थांबायचं, तो जरा सैलावला की लगेच दाब काढून घ्यायचा. घोडा शिकतो तो या काढून घेण्यातून. कॅमेराही घाई करत नाही.

तरी तो घोडा कोरा आहे. शर्यतीतून बाहेर पडलेल्याचं दुखणं वेगळं. दोन वर्षांचा असतानाच तो धावायला लागतो. लगाम ताणला की जोर लावायचा, हे अंगात मुरतं. त्याला आधी विसरू द्यावं लागतं. अँड्र्यू हेगच्या ‘लीन ऑन पीट’मध्ये (2017) असा घोडा आहे, विकला जाऊ नये म्हणून पळवलेला. चार्ली त्याच्यावर कधीच बसत नाही. शेजारून चालतो, बोलत राहतो. सुंदरच आहे ते. पण हेगला पोराचं दुःख सांगायचंय, पीट नुसता ऐकतो. त्याचं विसरणं पडद्यावर येतच नाही. महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकोर्स इतकं जवळ असताना तो सिनेमा मराठीत तरी कुणी करावा.