सत्कार लेखकाचा, वाचन कोणाचे?

२०१९ च्या सप्टेंबरात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाल्याचे वृत्त आले, तेव्हा आमच्या धर्मग्रामात आनंदाला उधाण आले होते. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच लाभत होता. चर्चच्या आवारात अभिनंदनाचा फलक लागला, मिस्सानंतर पेढे वाटले गेले, युवक मंडळाने ठराव केला. त्या गडबडीत एका वृद्ध मावशीने आम्हाला सहज विचारले, "फादर, त्यांचे कोणते पुस्तक आधी वाचू?" आम्ही दोन नावे सांगितली खरी, परंतु त्यांतील एक पुस्तक आमच्याच कपाटात अर्धे वाचून पडले होते. त्या प्रश्नाने आमच्या मनाला जी टोचणी लागली, ती आजही गेलेली नाही. हा लेख त्या टोचणीतून लिहिला आहे.

सत्कार आणि ओळख या दोन गोष्टी आपण एकच मानतो. सत्कार एका संध्याकाळी उरकतो; त्याला शाल पुरते, श्रीफळ पुरते. ओळख मात्र पानापानाने होते आणि तिला वाचक लागतो. मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा इतिहास पाहिला, तर आपल्या लेखकांना जी टिकाऊ ओळख मिळाली ती वाचकांनीच दिलेली आहे, असे आमचे नम्र मत आहे.

पहिले उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चे. हे इंग्रज येशूसंघी धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत त्यांनी आपले आयुष्य वेचले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून जुनी पुराणे गेली होती. आता आम्ही वाचावे काय, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ सिद्ध झाला आणि १६१६ मध्ये राशोल येथे रोमी लिपीत छापला गेला. पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ जगला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, देवळात आणि घरात मोठ्याने वाचला आणि स्थलांतर करताना मंगळूरपर्यंत सोबत नेला. १९०७ मध्ये तेथेच त्याची नवी आवृत्ती निघाली. या कवीला कोणी पदक दिले नव्हते. त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रोते लाभले.

काव्य म्हणून या ग्रंथाचे बळ कशात आहे? स्टीफन्स सिद्धान्त मागे ठेवतात आणि कथा पुढे आणतात. मराठी श्रोत्याच्या कानाला सवयीची असलेली ओवी ते घेतात. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना कचरत नाहीत. परक्या देशात जन्मलेला माणूस येथल्या श्रोत्याच्या पायरीवर येऊन बसतो, हे आम्हाला या ग्रंथाचे सर्वांत मोठे वाङ्मयीन यश वाटते. मात्र प्रेमापोटी दोष झाकू नयेत. जुन्या श्रद्धांवर कवी जेथे प्रहार करतो, तेथे काव्याचा ओघ आटतो आणि वादाची धार बोचू लागते. कथाकार बाजूला होतो आणि प्रतिपक्षाला निरुत्तर करू पाहणारा पंडित बोलू लागतो.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे. हा ग्रंथ कॅथलिक परंपरेतला नाही. कदाचित म्हणूनच आपल्या अनेक घरांत तो पोहोचलेला नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी १९३४ पासून आपल्या आठवणी भागाभागाने प्रसिद्ध केल्या. शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर आला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरावर कोसळलेले दुःख लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. पण त्याचे भांडवलही करीत नाहीत. सोवळे-ओवळे आपल्या मनातून कसे गळून पडले, हे त्या स्वतःला हसत हसत सांगतात. धर्मांतरासारख्या नाजूक विषयावरचे हे पुस्तक ज्या घरांना तो विषय रुचणारा नव्हता, त्या घरांतही प्रेमाने वाचले गेले. वाचक त्यांच्याबरोबर रडला आणि हसला. मग लेखिकेचा धर्म विचारायचे त्याला भानच राहिले नाही. अवघ्या मराठी वाचकवर्गाने एका ख्रिस्ती लेखिकेला आपली मानले, ते असे.

आता पुन्हा फादर दिब्रिटोंकडे वळू. १९८३ ते २००७ अशी जवळजवळ दोन तपे त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालविले. 'सुबोध बायबल' हे त्यांचे मोठे कार्य; त्यांच्या बायबलच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. पवित्र ग्रंथ चर्चच्या भिंतीबाहेरच्या मराठी माणसाला त्याच्या बोलीत वाचता यावा, हा ध्यास त्यामागे होता. तरीही अध्यक्षपदाची घोषणा होताच काहींनी हरकत घेतली. संमेलनाचे उद्घाटक कविवर्य ना. धों. महानोर यांनी उस्मानाबादेस (आजच्या धाराशिवला) जाऊ नये, असेही दडपण त्यांच्यावर आणले गेले. महानोर गेले. आजारी अध्यक्ष चाकांच्या खुर्चीवरून व्यासपीठावर आले आणि बोलले. ज्यांनी त्यांचे पुस्तक उघडले नव्हते त्यांना केवळ झगा दिसला. ज्यांनी उघडले होते त्यांना मराठीचा लेखक दिसला. २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तले. आता त्यांची ओळख राखण्याचे काम आपल्या कपाटांकडे आले आहे.

येथे आम्हाला आपल्या नियतकालिकांविषयीही चार शब्द बोलले पाहिजेत. आपल्यातल्या कोणाचे पुस्तक आले की आपण त्याचे परीक्षण लिहीत नाही, अभिनंदनपत्र लिहितो. 'समाजाचे भूषण' हे शब्द आमच्याही लेखणीतून अनेकदा उतरले आहेत. कवितेत शब्द सैल पडला आहे, कथेचा शेवट प्रवचनासारखा झाला आहे, हे सांगण्याचे धैर्य आम्ही दाखविले नाही. यात लेखकाचा मान राहतो असे आम्हाला वाटे. वस्तुतः त्याचा अपमानच होतो, कारण त्याला कोणी गंभीरपणे वाचलेले नसते. दोष दाखविणारा वाचक निदान शेवटच्या पानापर्यंत गेलेला असतो.

या चुकीचे थोडे परिमार्जन म्हणून आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहात महिन्यातून एकदा सामुदायिक वाचन सुरू केले. शेजारच्या आळीतील एक निवृत्त गुरुजी, माळकरी गृहस्थ, तेथे येऊ लागले. 'क्रिस्तपुराणा'तील ओव्या त्यांनी ज्ञानेश्वरीच्या चालीवर म्हटल्या, तेव्हा आमची माणसे थक्क झाली. पुढच्या महिन्यात मात्र गुरुजींनी शांतपणे विचारले, "फादर, हे काव्य गोड आहे, पण ज्या साष्टीत ते लिहिले गेले तेथली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली, हे तुम्ही या मुलांना सांगता का?" सभागृह स्तब्ध झाले. एक-दोघांना राग आला. आम्ही म्हणालो, "नाही, गुरुजी. आजवर सांगितले नाही. आज सांगतो." आणि सांगितले. गुरुजी पुढच्या महिन्यातही आले; येताना तुकोबांची गाथा घेऊन आले. टिळकांनी याच तुकोबांना ख्रिस्तापर्यंत नेणारा सेतू मानले होते, याची आम्हाला आठवण झाली. तो अभंग आमच्यातल्या एका मुलीने वाचला.

वाचनाने समाज जवळ येतात असे आपण भाषणात म्हणतो, तेव्हा ते फार सोपे वाटते. प्रत्यक्षात जवळ येणे म्हणजे दुसऱ्याचा प्रश्न ऐकून घेणे आणि आपल्या आवडत्या ग्रंथाकडे त्याच्या डोळ्यांनी एकदा पाहणे. आपले लेखक इतरांनी वाचावेत अशी आपली इच्छा असेल, तर त्यांचे लेखक आपणही वाचले पाहिजेत.

वाचकहो, त्या मावशींनी पुढे दोन्ही पुस्तके वाचली. एके रविवारी त्यांनी आम्हाला थांबवून एका प्रकरणाविषयी आपला मतभेद सांगितला आणि आमचे मत विचारले. उत्तर देता यावे म्हणून त्या रात्री आम्ही कपाटातले ते अर्धे राहिलेले पुस्तक पुन्हा हाती घेतले.