वृद्ध धावकाची बोधकथा

तंजावरास दुसऱ्या सरफोजी राजांच्या मुद्रणालयात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापकथांचे मराठी भाषांतर छापले गेले. ‘बालबोध’ ह्या शब्दाचा लिपीवाचक अर्थ लक्षात घेतला, तरी इसाप हा मुलांचा, ही समजूत मराठीत आजही टिकून आहे. शर्यत म्हटली की ससा आणि कासव आठवतात. तेथे हरणाऱ्याचा दोष उघड असतो. तो निजलेला असतो. परंतु जो निजत नाही, सराव सोडत नाही, आणि तरीही दरवर्षी मागे पडतो, त्या वृद्ध धावकाचे काय?

ह्या प्रश्नाला इसापपरंपरेतील दोन कथा भिडतात. बाब्रियसच्या ग्रीक पद्यकथेत शर्यतीचा म्हातारा घोडा पिठाच्या जात्याला जुंपला जातो. तो अजूनही फेऱ्याच घालतो. मात्र कोठल्या मैदानावरून कोठल्या खांबाभोवती आलो, हे आठवून कण्हतो. त्याचे दुःख श्रमाचे नसून तुलनेचे आहे. कवीने जोडलेले तात्पर्य ऐन उमेदीतील गर्वापासून सावध करते. वस्तुतः घोड्याने गर्व केल्याचे कथेत कोठेच नाही. कथा तात्पर्याहून मोठी झाली आहे.

फीड्रसच्या लॅटिन कथेत म्हातारा शिकारी कुत्रा रानडुकराचा कान पकडतो, पण किडलेल्या दातांतून तो निसटतो. धनी रागावताच कुत्रा सांगतो, की उणे पडले ते बळ, धैर्य नव्हे. अखेरीस कवी फिलीटसला ही कथा लिहिण्याचे कारण तू जाणतोस असे सुचवितो, आणि कुत्र्यामागे उतरत्या वयाचा लेखक दिसू लागतो.

दोन्ही कथांत मोल ठरविणारा धनी आहे. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गातील नेस्टर मात्र स्पर्धेत न उतरताही अकिलीसकडून पारितोषिक घेतो, आणि एकेकाळी धावण्यात इफिक्लसला मागे टाकल्याचे सांगतो. त्याच्या आठवणीला ऐकणारे आहेत, म्हणून ती बोचत नाही. आज ज्येष्ठांच्या स्पर्धांत पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. त्यांमुळे तरुण प्रतिस्पर्धी दूर होतो. स्वतःचा कालचा वेग दूर होत नाही.

उतरत्या वयातील लेखकाचे परीक्षण करणाऱ्यानेही ह्या कथा पुन्हा वाचाव्यात. नव्या कृतीतील उणीव सांगणे हे टीकाकाराचे कर्तव्यच आहे. त्या उणिवेवरून साऱ्या आयुष्याचा निवाडा करणे ही त्या धन्याचीच चूक होय.