लाल विमान आणि पिकोलोचं बिल

एका बेटाच्या पोटात लपलेली पुळण. भोवती उंच कडे, मध्ये निळंशार पाणी, आणि दाराशी होडी बांधावी तसं त्या पाण्यावर डुलणारं एक लालभडक विमान. छत्रीखाली खुर्चीत तोंडावर मासिक घेऊन कुणीतरी पेंगतंय. रेडिओ गातोय, फोन वाजतोय. हायाओ मियाझाकींच्या ‘पोर्को रोस्सो’ या १९९२च्या चित्रपटाची ही सुरुवात. स्वतःचं छोटं विमान असावं असं ज्याला आयुष्यात एकदा जरी वाटलं असेल, तो या पहिल्या दोन मिनिटांतच चित्रपटाचा होऊन जातो. तिकीट नाही, रांग नाही, धावपट्टीसुद्धा नाही. उठावं, दोर सोडावा आणि निघावं.

निघताना काय होतं तेही बघण्यासारखं आहे. इंजिन एका फटक्यात सुरू होत नाही. खोकतं, धूर ओकतं. मालक त्याला चुचकारतो, अडून बसलेल्या बैलाला चुचकारावं तसा. दुरुस्ती कधीची राहून गेलीय हे आपल्याला कळतं, आणि त्यालाही ते ठाऊक आहे. मियाझाकींनी विमानाचं सुख आणि विमानाचं दुखणं एकाच दृश्यात ठेवलं, आणि पुढची दीड तासाची गोष्ट या दोन धाग्यांनी विणली. विमानांचे चित्रपट पुष्कळ आहेत. पण विमान बाळगणं म्हणजे काय, हे इतक्या प्रेमाने आणि इतक्या खरेपणाने सांगणारा दुसरा मी पाहिलेला नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. पोर्को, पहिल्या महायुद्धात लढलेला एक इटालियन वैमानिक. कुठल्याशा शापाने त्याचा चेहरा डुकराचा झालाय. शाप कसा लागला ते चित्रपट सांगत नाही, आणि ते न सांगणंच योग्य वाटतं. एड्रियाटिक समुद्रावर विमानांतून लूटमार करणाऱ्या टोळ्यांना पकडून तो पोट भरतो. काळ दोन महायुद्धांमधला. इटलीत फॅसिस्टांचं राज्य आहे आणि पैशाची किंमत रोज घसरतेय.

पहिल्याच चकमकीत एक बारीकसा तपशील येतो आणि पटकन निघून जातो. पोर्को चाच्यांचं विमान खाली आणतो, त्यांनी पळवलेल्या शाळकरी मुली सोडवतो आणि लुटीतलं अर्धं सोनं परत मागतो. उरलेलं अर्धं? ते चाच्यांनी आपल्या विमानाच्या दुरुस्तीसाठी ठेवावं! हा नुसता विनोद नाही. ज्याने स्वतः इंजिनाचं बिल भरलंय, त्यालाच शत्रूच्याही बिलाची काळजी वाटू शकते. त्या एका वाटणीत वैमानिकांची सगळी बिरादरी उभी राहते.

समुद्रावर उतरणारं विमानच का, याला त्या काळात पक्कं व्यावहारिक कारण होतं. विमानतळ मोजके होते आणि पाणी सगळीकडे होतं. उड्डाणासाठी हवी तेवढी लांब धाव पाण्यावर मिळे, त्यामुळे वेगासाठी बनवलेली, उतरताना फार जोरात येणारी विमानंही समुद्राला आणि तळ्यांना चालत. श्नायडर चषकाच्या शर्यती याच विमानांच्या. १९३४मध्ये गार्डा सरोवरावर इटलीच्या माक्की एम.सी. ७२ने ताशी ७०९ किलोमीटरचा वेग गाठला, आणि पिस्टन इंजिनाच्या सीप्लेनमध्ये तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. पोर्कोचं लाल विमान याच घराण्यातलं. अंग लाकडाचं, म्हणजे खाली होडी आणि वर पंख. आपल्या कोकणात लाकडी होडी पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून घेतात, तिच्या फळ्या तपासतात, तेलपाणी करतात. तशीच निगा या विमानालाही लागते. खारं पाणी कुणाचीच गय करत नाही.

चित्रपटाचा खरा गाभा मात्र समुद्रावर नाही, तो मिलान शहरातल्या एका कारखान्यात आहे. इंजिन वाटेत दगा देतं, नेमका तेव्हाच कर्टिस हा अमेरिकन प्रतिस्पर्धी गाठतो आणि विमानाची चाळण होते. उरलेला सांगाडा कापडात गुंडाळून पोर्को पिकोलो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे नेतो. पिकोलो आधी नोटांची पुडकी हातात घेतो, मग विमानाकडे बघतो. पुढे घासाघीस, नव्या इंजिनाची लालूच, पुन्हा घासाघीस. गाडी गॅरेजला लावलेल्या कुणालाही हा संवाद ओळखीचा वाटेल. इंजिनाच्या झाकणावर ‘जिब्ली’ ही अक्षरं आहेत. हे इटालियनांच्या तोंडी रुळलेलं लिबियाच्या वाळवंटातल्या गरम वाऱ्याचं नाव. एका इटालियन विमानालाही ते होतं, आणि तिथूनच मियाझाकींच्या स्टुडिओने ते घेतलं. म्हणजे दिग्दर्शकाने आपली सही कुठे केली, तर इंजिनावर! त्यांच्या घरच्या कारखान्यात युद्धकाळात लढाऊ विमानांचे भाग बनत. यंत्रावरची ही माया त्यांना पुस्तकांतून मिळालेली नाही.

नवा आराखडा करणारी फिओ, पिकोलोची नात, सतरा वर्षांची आहे. पोर्को बिचकतो. एक तर पोरगी, त्यात इतकी लहान. पण मग त्याला आठवतं की आपणही पहिल्यांदा उडालो ते याच वयात. ती रात्रभर दिव्याखाली रेषा ओढत बसते आणि सकाळी दार उघडतं तेव्हा बायकांची रांग आत येते. माम्या, आत्या, बहिणी, आज्ज्या. घरातले पुरुष कामधंद्यासाठी बाहेरगावी गेलेत. या बायका लाकूड घासतात, पंखांवर कापड ताणून बसवतात, रंग देतात, आणि जेवणाच्या वेळी लांबलचक टेबलावर शेवयांची थाळी सगळ्यांमध्ये फिरते. जेवणाआधीच्या प्रार्थनेत म्हातारा पिकोलो देवाकडे क्षमा मागतो, बायकांच्या हातांनी लढाईचं विमान बनवून घेतोय म्हणून. हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल, पण त्या वाक्याशी दर वेळी थबकायला होतं. लाल विमानाच्या सौंदर्यात त्या हातांचा घाम आहे, आणि त्या हातांचं पोट या बिलावर आहे. स्वतःचं विमान हे एकट्याच्या स्वातंत्र्याचं चित्र म्हणून आपण मनात रंगवतो. मियाझाकी त्या चित्रात अख्खं कुटुंब आणून बसवतात.

शेवटी बिल हातात येतं आणि पोर्कोचे डोळे विस्फारतात. पैसे संपलेत, उरलेली रक्कम उधार. मग फिओ ठरवते की आपणच सोबत जायचं. विमानाची तब्येत बघायला मेकॅनिक म्हणून, आणि घरच्यांचे पैसे बुडू नयेत म्हणूनही. तिला बसायला जागा हवी, तेव्हा दोनपैकी एक मशीनगन काढून तिथे आसन बसवलं जातं. बंदुकीच्या जागी माणूस! त्यावर एक शब्दही बोलला जात नाही, म्हणूनच ते मनात घर करतं.

पुढे एका बंदरावर पेट्रोल भरताना फिओ चिडते, भाव इटलीच्या तिप्पट आहे म्हणून. विकणारे शांतपणे सांगतात की दिवस वाईट आहेत, एकमेकांना धरून राहायचं. पोर्को मुकाट पैसे देतो. तेलाचा दर, बँकेतल्या कारकुनाने गळ्यात मारायला काढलेले देशभक्तीचे रोखे, काडतुसांची खरेदी, हे सगळं चित्रपटात इतक्या सहज येतं की त्याला कुणी गद्य म्हणणार नाही. आणि शेवटच्या द्वंद्वाची पैज? कर्टिस जिंकला तर फिओशी लग्न, पोर्को जिंकला तर कर्टिसने पिकोलोचं बिल चुकतं करायचं. दोन शूर वैमानिक आकाशात झुंजतात ते मेकॅनिकच्या थकलेल्या रकमेसाठी. यापेक्षा प्रामाणिक युद्ध मला पडद्यावर आठवत नाही.

मग ओढ कशाची? एवढा खर्च, एवढी जीवाची जोखीम कशासाठी? हॉटेल चालवणाऱ्या जीनाचे, पोर्कोच्या जुन्या मैत्रिणीचे, तिन्ही नवरे वैमानिक होते आणि तिघेही गेले. तिसऱ्याच्या विमानाचे अवशेष बंगालात सापडल्याची खबर तीन वर्षं वाट पाहिल्यावर तिला मिळते, आणि ती ते किती हळू आवाजात सांगते! उत्तर चित्रपट शब्दांत देत नाही. द्वंद्वाच्या आदल्या रात्री पोर्को दिव्यापाशी काडतुसं एकेक करून निवडतो, खराब ती बाजूला ठेवतो, आणि फिओला युद्धातली एक आठवण सांगतो. ढगांच्या शुभ्र पठारावर आवाज थांबलेला. वर, खूप उंचावर, आकाशगंगेसारखा एक पट्टा. जवळून बघावं तर ती विमानं. मेलेल्या सगळ्यांची, मित्रांची आणि शत्रूंचीही, एकाच ओळीत चाललेली. त्याचा मित्र, जीनाचा दोन दिवसांपूर्वीच झालेला नवरा, त्या ओळीत सामील होतो. पोर्को हाका मारतो, त्याला मात्र वर जाता येत नाही. इथे पार्श्वसंगीत जवळजवळ श्वास रोखून धरतं. विमानाच्या मालकाला बिल भरण्याचं बळ कुठून येतं, ते त्या ढगांवरच्या शांततेत दिसतं.

हा चित्रपट मुळात जपान एअरलाइन्सच्या प्रवाशांना विमानात दाखवायचा छोटा चित्रपट म्हणून सुरू झाला होता. पुढे तो वाढत गेला. चित्रपटाच्या शेवटी फिओ सांगते की जीनाने लावलेली पैज, दिवसा बागेत पोर्को आला तर त्याच्यावर प्रेम करीन ही, तिने जिंकली की नाही, ते त्या दोघींचं गुपित आहे. तेवढ्यात कॅमेरा वरून जीनाच्या हॉटेलवर फिरतो. धक्क्याच्या मागच्या बाजूला, बघता बघता निसटेल इतक्या छोट्या जागेत, एक लाल विमान दोराने बांधलेलं आहे.